नौका गेल्या, साचे राहिले

देऊळ बांधणारा ते पिढ्यान्‌पिढ्या टिकावे म्हणून बांधतो. किल्ला उभारणाराही हाच हेतू मनात धरतो. युद्धनौकेचे नशीब मात्र निराळे. रणात पडली तर समुद्राचा तळ आणि तरली तर भंगाराचा धक्का, असे दोनच शेवट बहुधा तिच्या कपाळी लिहिलेले असतात. आपल्या ‘विक्रांत’चेच पाहा. ४ मार्च १९६१ रोजी भारतीय नौदलात दाखल झालेली आणि १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात नाव गाजविणारी ही विमानवाहू नौका १९९७ साली निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ साली मोडीत निघाली. तिचे काही पोलाद वितळून २०१६ साली बजाज कंपनीच्या मोटरसायकलींत गेले. तिची पाठची बहीण शोभावी अशी ‘विराट’ सप्टेंबर २०२० मध्ये आपल्याच गुजरातच्या किनाऱ्यावर, अलंगला, शेवटच्या मुक्कामास आली.

मग अशा नौकांचे मागे काय उरते? काही छायाचित्रे उरतात, एखादी घंटा उरते, कोठे एखादा नांगर बागेत मांडून ठेवलेला दिसतो. आणि आणखी एक गोष्ट उरते, जिचे नाव घेताच काही गंभीर वाचकांच्या ओठांवर स्मित उमटेल. ती म्हणजे मुलांच्या खेळण्यांच्या दुकानात मिळणारी प्लॅस्टिकची प्रतिकृती. म्हणजे पुठ्ठ्याच्या पेटीत सुट्या तुकड्यांच्या रूपाने येणारा, घरी जुळवून, चिकटवून, रंगवून पुरा करावयाचा संच. या सदरातून आजवर आम्ही अनेक छंदांचा परामर्श घेतला. आज १९५० ते १९८० या काळातील जुन्या नौका-संचांकडे वळण्याचा आमचा विचार आहे. कारण या पोरखेळात इतिहास जपण्याचे एक मोठे काम नकळत होऊन गेले आहे, असे आम्हांस वाटते. ते काम कोठवर पुरे झाले आणि कोठे अपुरे राहिले, हेही पाहण्याजोगे आहे.

प्रथम हा संच घडतो कसा, ते थोडक्यात सांगू. पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे दाणे वितळवून तो रस मोठ्या दाबाने पोलादी साच्यात सोडतात. साचा थंड होऊन उघडला की झाडाच्या फांदीला कैऱ्या लगडाव्या तसे नौकेचे भाग एका चौकटीला लगडलेले बाहेर येतात. यात सर्वांत मोलाची वस्तू कोणती असेल, तर तो साचा. त्या काळी कुशल कारागीर नौकेच्या भागांचे मोठ्या आकाराचे नमुने हाताने कोरीत. मग पँटोग्राफ नावाच्या यंत्राची एक सोंड त्या नमुन्यावरून फिरे आणि दुसरी सोंड तोच आकार लहान करून पोलादात खोदी. एक साचा पुरा व्हावयास महिनेच्या महिने लागत आणि खर्चही भरमसाट येई. मात्र एकदा तो झाला की त्यातून हजारो, लाखो संच निघू शकत. मूळ नौकेची बांधणी एकदाच. साच्यातील नौका मात्र पुनःपुन्हा जन्म घेणारी.

या उद्योगाची इंग्लंडमधील सुरुवात मोठी गमतीची आहे. निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थाने १९३९ साली ‘एअरफिक्स’ कंपनी काढली, ती हवा भरलेली रबरी खेळणी विकण्यासाठी. पुढे तिने प्लॅस्टिकचे कंगवे केले. १९५२ साली तिने सर फ्रान्सिस ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’ या शिडाच्या जहाजाचा एक छोटा संच बाजारात आणला. वुलवर्थच्या दुकानांत तो २ शिलिंगांना मिळावा म्हणून पेटीचा खर्चही वाचविला. पारदर्शक पिशवीत तुकडे भरावयाचे आणि वर कागदाची एक घडी टाचावयाची, एवढाच थाट. महायुद्धानंतरच्या ओढगस्तीच्या काळात साध्या घरच्या मुलाला आपल्या खाऊच्या पैशांत एक आख्खे जहाज बांधता येऊ लागले, ही क्रांती काही लहान नव्हती.

अमेरिकेत ल्युइस ग्लेझर यांच्या ‘रेव्हेल’ कंपनीने १९५३ साली ‘मिसूरी’ या युद्धनौकेचा संच काढला. २ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात जिच्या डेकवर जपानने शरणागतीच्या कागदांवर सह्या केल्या, तीच ही नौका. मूळ ‘मिसूरी’ सुमारे २७० मीटर लांब. संचाचे प्रमाण एकास ५३५, म्हणजे घरी बांधून होणारी नौका सुमारे अर्धा मीटर. हे ५३५ कोठून आले, असा प्रश्न चौकस वाचकाच्या मनात येईल. उत्तर सोपे आहे. पेटीचा आकार आधी ठरलेला असे आणि नौका त्या पेटीत बसेल इतकी लहान केली जाई. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन नौका शेजारी ठेवल्या तर विनाशिका क्रूझरच्या बरोबरीने मिरवू लागे. अंगाला सदरा शिवण्याऐवजी सदऱ्याला अंग बसविण्याचा हा प्रकार होता.

एअरफिक्सने पोलादी युद्धनौकांसाठी एकास ६०० हे एकच प्रमाण धरले आणि मुलांच्या टेबलावर खरे आरमार उभे राहिले. ‘हूड’, ‘बिस्मार्क’, ‘वॉरस्पाइट’, ‘एजॅक्स’, ‘ग्राफ स्पे’ आता एका मापाने मोजता येऊ लागल्या. जपानमधील शिझुओका शहराने हीच कल्पना आणखी पुढे नेली. तेथील तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या चार कंपन्यांनी १९७१ साली हातमिळवणी केली, जपानी आरमारातील नौका आपसांत वाटून घेतल्या आणि एकास ७०० या प्रमाणात त्यांची मालिकाच सुरू केली. नौकेचा पाण्याखालचा भाग वगळून ती जलरेषेपाशी सपाट कापली, म्हणजे निळ्या कागदावर ठेवली की ती समुद्रात तरंगत असल्याचा भास व्हावा. फुजिमी १९९२ साली या युतीतून बाहेर पडली. पण चार स्पर्धकांनी मिळून एक इतिहास वाटून घ्यावा, हे उदाहरण व्यापाराच्या जगात विरळाच म्हणावे लागेल.

हाच तामिया १९६० साली पहिला प्लॅस्टिकचा संच घेऊन बाजारात उतरला तेव्हा त्याने निवडली ती प्रचंड ‘यामातो’. तोवर ही कंपनी लाकडी प्रतिकृती करीत असे. दुसऱ्या एका कंपनीने तीच नौका कमी किमतीत विकली आणि तामियाचा पहिलाच डाव फसला. पुढे एका रणगाड्याच्या संचाने कंपनीला सावरले. ज्या नौकेने जपानची लाज राखावी अशी अपेक्षा होती ती १९४५ साली बुडाली आणि पंधरा वर्षांनी तिची प्रतिकृतीही काढणाऱ्याला जवळजवळ घेऊन बुडाली, असा हा योगायोग.

या संचांनी मुलांना काय दिले? आम्ही म्हणू, प्रथम शब्द दिले. आपण बडोदेकर समुद्रापासून तसे दूर. आमच्या पोरांची समुद्राशी ओळख व्हायची ती सयाजीबागेच्या संग्रहालयात, महीच्या मुखाशी वाहत आलेल्या देवमाशाच्या सांगाड्याखाली उभे राहून. ज्यांनी खरे जहाज कधी पाहिले नाही अशा इंग्लंड-अमेरिकेतील आतल्या गावांच्या मुलांचे शिक्षण या संचांबरोबर येणाऱ्या सूचनापत्राने केले. जुन्या एअरफिक्सच्या पत्रावर प्रत्येक तुकड्याचे नाव छापलेले असे: हा दोर गुंडाळण्याचा खुंट, ही होडी उतरविण्याची कमान, हा अंतर मोजणारा यंत्रमनोरा. तुकडा हातात धरून शिकलेला शब्द सहसा विसरला जात नाही. जोडीला संयम आला. एक बाजू सुकल्यावाचून दुसरी लावू नये, हा नियम वडिलांनी दहा वेळा सांगून जो पटत नाही तो वाकड्या डोलकाठीने एकदाच पटतो.

दुसरी देणगी चित्रांची. इंग्रज चित्रकार रॉय क्रॉस यांचा जन्म १९२४ चा. युद्धकाळात विमानांच्या कारखान्यात तांत्रिक चित्रे काढून त्यांनी हात तयार केला. १९६४ ते १९७४ ही दहा वर्षे त्यांनी एअरफिक्सच्या पेट्यांसाठी विमानांची, जहाजांची अशी चित्रे रंगविली की पेटीच्या वेष्टनाला चित्रशाळेचे मोल आले. पुढे ते शिडाच्या जहाजांचे चित्रकार म्हणून नावाजले आणि २०२४ साली शंभरी गाठून निवर्तले. पेटीवर धुराचे लोट आणि उसळणारा समुद्र; पेटी उघडावी तो आत करड्या रंगाचे मुके तुकडे! या दोहोंतील अंतर मुलाने आपल्या कल्पनेने भरून काढावयाचे असे. छंदाची खरी गोडी त्या अंतरातच होती.

आता प्रश्न असा की या प्रतिकृती कितपत विश्वासार्ह? एका प्रसंगी त्या गरजेपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरल्या. १९६१ साली रेव्हेलने क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या ‘पोलारिस’ पाणबुडीचा संच काढला. तिची एक बाजू उघडली की आतील दालने, क्षेपणास्त्रांच्या नळ्या, खलाशांच्या खोल्या सारे दिसे. अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांचे जनक अ‍ॅडमिरल रिकोव्हर तो पाहून संतापले. ज्या माहितीसाठी शत्रूने लक्षावधी डॉलर मोजले असते ती आपण २ डॉलर ९८ सेंटला विकीत आहोत, अशी त्यांची तक्रार होती. खेळण्यावरून वरिष्ठ सेनाधिकारी चिडावा, यापेक्षा खेळणी बनविणाऱ्याला मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

पण नेहमीच असे घडत नसे. ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’चे समकालीन आराखडे उपलब्ध नाहीत. पृथ्वीप्रदक्षिणा करून १५८० साली परतलेले ते जहाज डेप्टफर्डला लोकांना पाहण्यासाठी ठेवले होते. ते तेथेच कुजून गेले आणि त्याच्या लाकडाची एक खुर्ची ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात उरली. तेव्हा २ शिलिंगांचे ते जहाज म्हणजे अभ्यासूंच्या तर्काला दिलेले प्लॅस्टिकचे रूप होते. स्वीडनच्या ‘वासा’ची कथा याहून बोलकी. पहिल्याच सफरीत १६२८ साली स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेले हे जहाज १९६१ साली वर काढले गेले. त्याच्या नक्षीची पार्श्वभूमी निळी असावी, अशी अनेक वर्षे समजूत होती आणि त्या काळच्या प्रतिकृती निळ्या-सोनेरी रंगात सजल्या. पुढे लाकडावर उरलेल्या रंगकणांची तपासणी झाली, तेव्हा ती पार्श्वभूमी लाल होती असे निष्पन्न झाले. घरोघरच्या फडताळातील जुन्या ‘वासा’ मात्र निळ्याच राहिल्या. त्यांना आम्ही खोट्या म्हणणार नाही. त्या काळी माणसाला जेवढे ठाऊक होते तेवढे त्यांत गोठून राहिले आहे. जुन्या नकाशाला जे मोल असते तेच त्यांना आहे.

‘यामातो’च्या बाबतीत तर माहितीच जाळली गेली होती. २६३ मीटर लांबीची, ४६ सेंटिमीटर व्यासाच्या नऊ तोफांची ही नौका कमालीच्या गुप्ततेत बांधली गेली आणि युद्धाच्या अखेरीस तिचे बहुतेक आराखडे व छायाचित्रे नष्ट करण्यात आली. त्यामुळे १९६० च्या सुमारास संच काढणाऱ्यांना मोजकी चित्रे आणि जाणत्यांच्या आठवणी यांवरच भिस्त ठेवावी लागली. १९८५ साली तिचे अवशेष समुद्रतळाशी ओळखले गेले. त्यानंतरच्या पाहण्यांतून नवे तपशील पुढे आले आणि नव्या संचांत दुरुस्त्या झाल्या. १९४५ साली बुडालेली नौका अशी कागदावर आणि प्लॅस्टिकवर अजूनही बांधली जात आहे.

येथवर आम्ही या छंदाचे गुणगान केले. परंतु त्याने जे गाळले त्याकडे डोळेझाक करणे उचित होणार नाही. एअरफिक्सची ‘हूड’ जुळवून झाली की सुमारे ४४ सेंटिमीटर भरते. डेक स्वच्छ, तोफा सरळ रेषेत, ध्वज डौलात. खऱ्या ‘हूड’वर २४ मे १९४१ च्या सकाळी १४१८ माणसे होती; ‘बिस्मार्क’शी झालेल्या गाठीत ती काही मिनिटांत फुटली आणि अवघे तिघे वाचले. तीन दिवसांनी ‘बिस्मार्क’ही बुडाली व तिच्यावरील दोन हजारांहून अधिक माणसे गेली. एकास ६०० या प्रमाणात माणूस तीन मिलिमीटरही भरत नाही. म्हणून संचात माणसे नसतात. कारण केवळ मापाचे आहे, हेतू वाईट नाही. तरीही त्या रिकाम्या डेककडे पाहताना युद्ध म्हणजे दोन यंत्रांचा सामना, अशी बालमनाची समजूत होऊ शकते. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या पेट्यांवरून नाझींचे स्वस्तिक कायद्यामुळे वगळावे लागते. ते योग्यच आहे. परंतु ते चिन्ह का वगळले, हे मुलाला सांगणारे कोणी घरात नसेल तर वगळण्याचा अर्थच हरवतो. साचा आकार जपतो; अर्थ जपण्याचे काम त्याचे नव्हे.

याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. वर ‘एजॅक्स’ नावाच्या क्रूझरचा उल्लेख आला. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेच्या प्लेट नदीच्या मुखासमोर ‘एजॅक्स’, ‘अकिलीज’ आणि ‘एक्झिटर’ या तीन नौकांनी जर्मनीच्या ‘ग्राफ स्पे’ला गाठले. जखमी ‘ग्राफ स्पे’ माँटेव्हिडिओच्या बंदरात शिरली आणि चार दिवसांनी तिच्याच कप्तानाने ती बाहेर नेऊन उडवून दिली. एअरफिक्सने ‘एजॅक्स’ आणि ‘ग्राफ स्पे’ दोन्ही काढल्या आणि जगभरच्या मुलांनी हा सामना जेवणाच्या टेबलावर पुन्हा पुन्हा लढविला.

त्यांतील ‘अकिलीज’ ही ‘एजॅक्स’चीच सख्खी बहीण, एकाच वर्गातील नौका. ती न्यूझीलंडच्या आरमारात होती. ५ जानेवारी १९४३ रोजी पॅसिफिकमध्ये जपानी बाँब तिच्या मागील भागातील तोफांच्या एका बुरुजावर पडला आणि पुढील दुरुस्तीत तो बुरूज काढून टाकण्यात आला. १९४८ साली ती भारताने घेतली आणि तिचे नाव ठेवले ‘दिल्ली’. १९५० साली पंडित नेहरू इंडोनेशियाच्या भेटीस गेले ते हिच्यातूनच. प्लेट नदीच्या लढाईवर १९५६ साली इंग्रजी बोलपट निघाला, त्यात ‘अकिलीज’ची भूमिका आपल्या ‘दिल्ली’नेच केली, म्हणजे नौकेने स्वतःचेच सोंग घेतले! डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण आणि दीव मुक्त झाले तेव्हा दीवसमोर तोफा डागणारी नौका हीच. १९७८ साली ती निवृत्त झाली व पुढे मोडली गेली. तिच्या तोफांचा एक बुरूज न्यूझीलंडला भेट म्हणून गेला. तो ऑकलंडच्या नौदल तळावर उभा आहे.

प्लेट नदी ते दीव असा हा प्रवास करणारी नौका आज कोठेही नाही. तिच्या बहिणीचा संच मात्र आहे. जाणते छांदिष्ट त्या ‘एजॅक्स’वरून ‘अकिलीज’ करतात: विमान उडविण्याचे यंत्र काढतात आणि दुय्यम तोफांच्या जोड्यांच्या जागी एकेक तोफ बसवितात. आणखी पुढे जाऊन मागचा एक बुरूज वगळला, डोलकाठ्या बदलल्या आणि वर आपला तिरंगा लावला, तर सुमारे २८ सेंटिमीटरची ‘दिल्ली’ फडताळावर उभी राहू शकते. पेटीवर ते नाव छापलेले नाही. ते नाव आणि त्यामागची हकीकत बांधणाऱ्याने आपल्या पदरची घालावयाची आहे.

या नौकांप्रमाणे त्या बनविणाऱ्या कंपन्याही बुडाल्या, हा या कथेचा आणखी एक अध्याय. १९८१ साली एअरफिक्स डबघाईस आली. तिचे साचे नव्या मालकांनी फ्रान्समध्ये कॅले येथे हलविले. १९८६ साली ती हंब्रोल या रंग बनविणाऱ्या कंपनीकडे आणि २००६ साली हॉर्नबीकडे गेली. मॅचबॉक्सच्या जन्मदात्या कंपनीचे १९८२ साली दिवाळे निघाले आणि तिचे साचे पुढे रेव्हेलकडे आले. मालक बदलले, पेट्यांवरची चित्रे बदलली. पोलादी साचे मात्र गाव बदलीत फिरत राहिले. म्हणून कधी कधी नव्या कोऱ्या पेटीतही अर्धशतकापूर्वी खोदलेल्या साच्याची नौका असते. किनारींवर सुटलेले पातळ पापुद्रे आणि नीट न बसणारे सांधे यांवरून साच्याचे वय जाणत्याला कळते.

यावरूनच या छंदातील जुना वाद निघतो. चाळीस-पन्नास वर्षांची पेटी न उघडता ठेवावी की बांधावी? न उघडलेल्या पेटीला संग्राहकांच्या बाजारात किंमत अधिक. एकदा चौकटीवरून तुकडे कापले की ती उतरली. फार दुर्मिळ संच, ज्याचा साचाच नष्ट झाला आहे असा, जरूर जपावा. तो आता दस्तऐवज झाला आहे. परंतु सर्वसाधारण पेटी कायमची बंद ठेवणे आम्हांस पटत नाही. साचा जिवंत आहे तोवर एक संच बांधल्याने काहीच नाहीसे होत नाही. पेटीवरचे चित्र आणि सूचनापत्र नीट घडी करून ठेवावे, त्यांतच बराचसा इतिहास असतो. आणि तुकडे मुलांच्या हाती द्यावेत.

ज्यांच्या घरी अशी पेटी असेल त्यांच्यासाठी चार व्यावहारिक गोष्टी. चौकटी प्रथम साबणाच्या कोमट पाण्यात धुवाव्यात, म्हणजे साच्याचे तेलकट निघून रंग धरतो. नौकेचा सांगाडा वाकला असेल तर तो कोमट पाण्यात धरून हलक्या हाताने सरळ करावा. उकळते पाणी वापरू नये. पाण्यात भिजवून उतरावयाच्या ध्वजांच्या व आकड्यांच्या चित्रांना आधी पारदर्शक वॉर्निशचा पातळ थर द्यावा, नाहीतर ती पाण्यात पडताच चुरा होतात. पिवळी पडली असतील तर कागद खिडकीच्या काचेला चिकटवून काही दिवस उन्हात ठेवावा. डोलकाठ्यांच्या दोरांसाठी चौकटीचा उरलेला तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून जरा वर धरून तापवावा आणि मऊ होताच दोन्ही बाजूंनी ताणावा. केसासारखा बारीक धागा निघतो. हे काम मोठ्यांनी करावे. चिकटद्रवाच्या वाफा डोक्यात जातात, यास्तव खिडक्या उघड्या असाव्यात.

आणि ही नौका बांधताना शेजारी बसून बोलावे. ‘हूड’ बांधीत असाल तर चौदाशे अठरांतील तिघांची गोष्ट सांगावी. ‘एजॅक्स’ बांधीत असाल तर ‘दिल्ली’ची सांगावी. आपल्यांत नौदलात वा बंदरावर नोकरी केलेली काही वडीलधारी मंडळी आहेत. त्यांना या टेबलाशी बोलवावे. एखाद्या आजोबांनी प्लॅस्टिकच्या डेकवर बोट ठेवून “आमची पाळी इथे असायची” असे म्हटले, तर तीन मिलिमीटरचा तो गाळलेला माणूस क्षणभर जागेवर येईल. ज्या वाचकांच्या घरी अशा जुन्या पेट्या अथवा जुळविलेल्या नौका असतील, किंवा ‘दिल्ली’, ‘विक्रांत’ वा अन्य नौकांवर ज्यांच्या आप्तांनी सेवा केली असेल, त्यांनी आपल्या आठवणी आमच्याकडे अवश्य लिहून पाठवाव्यात. जागेच्या मर्यादेत त्या याच सदरातून प्रसिद्ध करण्याचे आम्ही योजिले आहे.